परखी

मन्मथअप्पांच्या आतड्याचा तुकडा
माझ्याकडे आला तेव्हा मेणात होता.
नखाएवढा, पांढुरका,
कडेला पेन्सिलीने नंबर: चारशे बारा, ब.

नळाचा आज आठवा दिवस,
म्हणून जारचं पाणी ओतलं, कोमट केलं,
चाक फिरवून मेणाची पट्टी त्यावर सोडली.
पट्टी पसरली. एक सुरकुती राहिली,
ती कुंचल्याने काढली.
काच खालून सरकवून अलगद उचलली,
सायीसारखी.

अप्पा बाहेर बाकावर. खिडकीतून विचारतात,
"काय बघायलीस बाय, एवढं बारीक?"

लातूरच्या मोंढ्यात एकेचाळीस वर्षं
त्यांनी परखी मारली.
तुरीच्या पोत्यात, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या.
टोकदार पोकळ लोखंड, एक झटका,
आणि मूठभर दाणे तळहातावर.
मला सांगतात, "वरून टोचायचं नाय कधी.
वरचा माल मांडलेला असतो.
एक टोचा बगलेत, एक मधात, एक बुडात.
तीन जागी तीन येगळे दाने निगतेत.
पोतं एकच, बरं का."

मी मान हलवते. हातात स्टॉपवॉच असतं.

मग भिंगाखाली, दुपारी,
पहिल्याच चौकटीत काताचा रंग.
प्रत्येक पेशीची कड गडद,
जणू सगळ्यांनी ताटं पुढे केलीत
आणि रक्तातून कुणी फिरतंय, वाढत.
वाढ, म्हणतो निरोप.
आणि ती वाढतात.
आपल्या भाषेनं ही दोन्ही कामं एकाच शब्दाला लावलीत,
हे मला त्या खुर्चीतच कळलं.

काच जरा सरकवली.
निळं. नुसतं निळं.
इथं कुणाच्या हातात ताट नाही.
अजून सरकवली: फिकट, तुटक,
एखादीच पेशी अर्ध्या कडेची.
अगदी बाहेर, जिथं गाठ स्नायूत शिरते,
तिथं दोघी-तिघी पेशी कळपातून सुटलेल्या,
आणि त्या पुन्हा गडद.

सगळ्या एकाच पेशीची लेकरं.
एकाच घरात कुणी दाराला कान लावून बसलंय,
कुणी दार बुजवून टाकलंय.
मला भीती गडद कोपऱ्याची वाटली नाही.
ज्यांनी ताट पुढे केलंच नाही
तीही वाढतायत, ना,
कुठल्या चुलीवरचं खाऊन,
ते या रंगाला माहीत नाही.

रिपोर्टवर रकाना एकच.
आकडा लिहायचा: शून्य, एक, दोन, तीन.
देवणीकर मॅडम म्हणाल्या, "किती?"
मी म्हटलं, "कुठं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
भिंगाला डोळा लावला, बराच वेळ.
बाहेर औसा रोडवर कुणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न
दाबूनच धरला होता.
"ब एवढाच ठोकळा आहे?"
नाही. अ आहे, क आहे, ड आहे,
आणि गाठीजवळच्या अवधाणाचा एक.
"मग काप."

कप्पा उघडला. चारशे बाराचे ठोकळे
शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे एकमेकांना चिकटलेले.
बगल, मध, बूड.
मी मनातल्या मनात म्हटलं आणि
मलाच जरा लाजल्यासारखं झालं.

साडेपाचला कुलूप लावताना
अप्पा अजून बाकावरच होते,
सदऱ्याच्या खिशात डबीएवढा हात घालून,
पोट धरून नव्हे, पोट विसरून.
"भाव काय निगला मग?"

चाळीस वर्षं लोक त्यांच्या तोंडाकडे
असंच बघत उभे राहिले असतील,
मुठीतल्या दाण्यांवर ते काय बोलतात म्हणून.

"अजून टोचे बाकी आहेत, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मोंढ्यातल्या दुसऱ्या मापाड्याकडे पाहावं तसं.
"हां," म्हणाले, "घाई नको करू."
आणि बाकावर थोडे सरकले,
मी बसावं म्हणून.

माझ्या बोटांना अजून मेण होतं.
मी पदराला पुसत उभी राहिले.